स्थळ पाहिजे : वय तीन, पाय तीन

केईएम, टाटा आणि वाडिया या तीन इस्पितळांमुळे परळचं नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचलं. या तिन्हींहून जुनं असं चौथं इस्पितळही परळातच आहे. फाटकावर नाव आहे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं. पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगितलं तर तो चार लोकांना विचारेल. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की मुकाट्यानं मीटर टाकेल. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८४ साली हे सुरू झालं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं गेलं. त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालयही निघालं. तेव्हा मुंबई बैलगाड्यांवर, घोडागाड्यांवर आणि घोड्यांनी ओढलेल्या ट्रामवर चालत होती, म्हणून नावात बैल आणि घोडा. आज तिथं रांगेत दिसतात ती बहुतेक कुत्री आणि मांजरं.

त्यांतल्या ज्यांचा मालक पट्टा धरून शेजारी बसलेला आहे, त्यांची चिंता नाही. ज्यांना कुणी गाडीच्या धडकेनंतर उचलून आणलं, त्यांच्यापैकी जी पूर्ण बरी होतात तीही आपल्या गल्लीत परत जातात. प्रश्न उरतो तो मधल्यांचा. जीव वाचला, जखम भरली. पण पाय गेला, दृष्टी गेली, किंवा कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यांतला तीन पायांचा कुत्रा ओळखीच्या गल्लीत, रोज खायला घालणारं माणूस असेल तर, बऱ्यापैकी निभावतो. आंधळा किंवा मागचे पाय ओढत चालणारा निभावू शकत नाही. डॉ. आंबेडकर मार्गावर तो दुपारपर्यंतही टिकणार नाही. त्याची रवानगी निवाऱ्यात होते, आणि बरेचदा तो तिथंच म्हातारा होतो.

अशा कुत्र्याला घर मिळू शकतं का? मिळतं. पण ‘बिचारा’ म्हणून केलेल्या आवाहनातून ते क्वचितच मिळतं. ते मिळतं नेटक्या जुळणीतून. कुठलं अपंगत्व कुठल्या घरात खपेल, तिथला जिना, लादी, शेजार आणि माणसांच्या वेळा काय आहेत, हे लग्नाचं स्थळ पाहावं तितक्या बारकाईनं पाहावं लागतं. दक्षिण आणि मध्य मुंबईत, जिथं दहा बाय बाराची खोली आणि चाळीस मजल्यांचा टॉवर एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे असतात, तिथं ही जुळणी जितकी अवघड तितकीच शक्य आहे.

जागा, उपचार, जीवदान

बेवारस जनावरांसाठी या शहरानं बरंच केलं आहे, आणि लवकर केलं आहे. १८३२ साली सरकारनं भटकी कुत्री मारण्याची मोहीम जोरात सुरू केली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. मृत्यूनंतरच्या विधीतही त्याला जागा आहे. ६ जून रोजी कोटाच्या परिसरात कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इतर व्यापारीही उतरले, दुकानं बंद झाली, छावणीची रसद अडली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदली गेली आहे. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या हिंदू-जैन व्यापाऱ्यांनी गिरगावाला लागून असलेल्या भुलेश्वरात पांजरपोळ उभी केली. आज तिथं मुख्यतः गाई आहेत. स्थापनेच्या वेळी मात्र मारली जाणारी कुत्री वाचवून ठेवायला जागा हवी, हाही हेतू होता. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली आणि त्यानंतर दहा वर्षांनी परळचं इस्पितळ.

भटकी कुत्री मारणं मात्र थांबलं नाही. महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात महापालिका विजेचा धक्का देऊन कुत्री मारत असे, आणि हे १९९०च्या दशकापर्यंत चालू होतं. मारूनही संख्या घटत नाही हे पुरेसं सिद्ध झाल्यावर उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर १९९४ पासून नसबंदीचा मार्ग धरला गेला. १९८५ पासून काम करणाऱ्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ या संस्थेची नसबंदी आणि उपचारांची जागा याच महालक्ष्मीत आहे. पुढे २००१ साली देशभरासाठी नियम आले. २०२३ साली त्यांच्या जागी नवे नियम लागू झाले. सूत्र तेच राहिलं: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथं सोडा. महापालिकेनं २०१४ साली केलेल्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री आढळली होती.

जुलै २०२४ मध्ये महालक्ष्मीलाच टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं पाच मजली इस्पितळ सुरू झालं. त्यावर १६५ कोटी रुपये खर्च झाले. म्हणजे दीड-दोन कोसांच्या पट्ट्यात प्राण्यांच्या उपचारांची सोय आज पूर्वी कधी नव्हती इतकी चांगली आहे. तिची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. पूर्वी मोडलेल्या मणक्याचा कुत्रा मरून जायचा. आता तो जगतो आणि उरलेलं आयुष्य लुळ्या पायांनी काढतो. उपचार सुधारतात तशी अपंग कुत्र्यांची संख्या वाढते. जागा, उपचार आणि जीवदान या तिन्ही पायऱ्या शहरानं बांधल्या. घराची चौथी पायरी संस्थांना बांधता येत नाही. ती घरांनीच बांधावी लागते.

अपंगत्व एक नसतं

दत्तक घ्यायला आलेलं कुटुंब ‘अपंग’ हा शब्द ऐकून मागे सरतं, कारण त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्या एकेक करून पाहिल्या की भीती निम्मी होते आणि उरलेली निम्मी कामाची ठरते.

*तीन पायांचा.* कुत्रा आपल्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर घेतो. म्हणून मागचा पाय गेलेला कुत्रा लवकर सावरतो. पुढचा गेलेल्याला तोल सांभाळायला जास्त वेळ आणि ताकद लागते. दोघंही काही आठवड्यांत धावायला लागतात. पळणं त्यांना जमतं. घसरणं मात्र महागात पडतं. टॉवरमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या त्यांच्या वैरी. ज्या वाटेनं कुत्रा फिरतो तिथं रबरी पायपुसणी किंवा जुन्या योगा मॅट अंथरल्या की काम होतं. दुसरा शत्रू म्हणजे वजन. तीन पायांवर चार पायांचा भार असताना वर लाडानं दिलेली ग्लुकोज बिस्किटं चढली, तर उरलेले सांधे लवकर झिजतात. जिना चढायला अडचण नसते. उतरताना छातीखालून पंचाचा आधार द्यावा लागतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत हा कुत्रा चालतो. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर त्याला हो म्हणू नये.

*आंधळा.* ज्याला जागा अपुरी वाटते त्या चाळीतल्या खोलीचा इथं फायदा आहे. दहा बाय बाराची खोली आंधळा कुत्रा नाकानं आणि मिशांनी थोड्याच दिवसांत पाठ करतो. पलंग कुठं, पाण्याचं भांडं कुठं, मोरीचा कठडा कुठं, हे एकदा बसलं की बाहेरच्या माणसाला तो आंधळा आहे हे कळतही नाही. अट एकच: सामान हलवायचं नाही. आणि गिरगावातल्या घरात सामान हलतं ते नेमकं गणपतीत! मखरासाठी कपाट सरकतं, पलंग शेजारी जातो, खोली पाहुण्यांनी भरते आणि कुत्र्याच्या डोक्यातला नकाशा एका संध्याकाळी रद्द होतो. अशा दिवसांत त्याला एकच ठरलेला कोपरा द्यावा, तिथं त्याचंच अंथरूण टाकावं आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला हात लावण्याआधी आवाज द्यावा. गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधून अंग निघेल एवढी फट असते. तिला जाळी बसवल्याशिवाय आंधळा कुत्रा चाळीत आणू नये. जिन्याच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचं दारही हवं.

*बहिरा.* पांढऱ्या किंवा बहुतांशी पांढऱ्या अंगाच्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपण जास्त आढळतं, कारण रंगद्रव्याच्या ज्या पेशी त्वचेला रंग देतात त्या आतल्या कानालाही लागतात. काहींचं ऐकणं कानाच्या जुनाट आजारानं किंवा वयानं जातं. सगळ्यांत सोपं अपंगत्व हेच. लालबागमध्ये ते सोयीचंही ठरतं. दहा दिवस ढोलताशे, फटाके आणि रात्रभर चालणारी रांग यांनी ऐकणारी कुत्री पलंगाखाली थरथरत असतात. बहिरा जमिनीचे हादरे तेवढे टिपतो आणि पुन्हा झोपतो. हातवाऱ्यांच्या खुणा तो पटकन शिकतो: तळहात दाखवला की बस, हात छातीकडे घेतला की ये. दोन गोष्टी मात्र पाळाव्याच लागतात. झोपेतून उठवताना पाठीवर अचानक हात ठेवायचा नाही, दचकून तो चावू शकतो. नाकापुढे हात धरून वासानं उठवायचं किंवा शेजारी जमिनीवर थाप मारायची. आणि रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही, कधीच नाही. त्याला हॉर्न ऐकू येत नाही.

*झटके येणारा.* डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या काही कुत्र्यांचा एखादा पाय, जबडा किंवा डोकं ठराविक लयीत झटके देत राहतं, अगदी झोपेतसुद्धा. बघणाऱ्याला कसंसंच होतं. कुत्र्याला त्याचा सहसा त्रास होत नाही. डिस्टेंपर माणसाला होत नाही. खरी अडचण शेजाऱ्यांची असते: झटके दिसले की ‘पिसाळलाय’ असा बोभाटा होतो. रेबीजची लक्षणं दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. चाव्यानंतर दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायला सांगतात ते याचमुळे. जो सहा महिने झटके देत, शेपटी हलवत पोळी खातो आहे, त्याला रेबीज असणं शक्य नाही. अशा कुत्र्याबरोबर पशुवैद्याचं एक पानी पत्र आणि लसीकरणाचं कार्ड द्यावं. सोसायटीच्या सभेत तेच कामाला येतं.

*मागचे पाय लुळे पडलेला.* इथं मात्र थांबून विचार करावा लागतो. मणक्याला मार लागल्यावर सुधारणेची आशा किती, याचा अंदाज पशुवैद्य पायाचं बोट चिमट्यानं जोरात दाबून घेतात. पाय मागे ओढला गेला म्हणजे कुत्र्याला कळलं असं होत नाही. तेवढी हालचाल मेंदूला न विचारताच होऊ शकते. त्यानं मान वळवून पाहिलं, कण्हला किंवा चावायला आला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली आणि आशा आहे. हा फरक दत्तक घेणाऱ्याला समजावून सांगायलाच हवा. नाहीतर पाय हलला की ‘आता चालेल’ या आशेवर घर महिनोन् महिने झुलत राहतं.

लुळ्या पायांपेक्षा मोठं काम लघवीचं असतं. काहींना ती आपोआप गळते, काहींची मूत्राशयात अडकून राहते. ज्यांची अडकते त्यांच्या पोटाला दोन्ही बाजूंनी हळू दाब देऊन ती दिवसातून तीन-चार वेळा काढावी लागते. पशुवैद्याच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांच्या सरावानं ते हाताला जमतं. पण सुट्टीचा वार नसतो. लघवी गढूळ झाली, उग्र वास आला किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. शिवाय घासल्यानं आणि एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा रोज तपासायच्या. तीन पायांच्या कुत्र्याला नकोशी असलेली गुळगुळीत लादी याला मात्र हवीशी असते, कारण त्यावरून कंबर ओढताना कातडी सोलत नाही. त्याला अडतो तो उंबरठा.

दोन चाकांची गाडी लावून धावणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ सगळ्यांना आवडतो. ही गाडी पीव्हीसी पाइपांतून घरीही बनवता येते. पाठीची लांबी, कमरेची उंची आणि रुंदी अचूक मोजली की झालं. पण गाडीत कुत्र्याला बसता किंवा आडवं होता येत नाही, म्हणून ती फिरण्यापुरती, डोळ्यांसमोर वापरायची. पावसाळ्यात परळ-हिंदमाताला पाणी भरलं की तीही कोपऱ्यात जाते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती कुत्र्याला आणि माणसाला सारखीच असते. ओढून सोललेल्या कातडीला तर जास्तच.

चाळ, टॉवर आणि सेक्रेटरी

‘आमच्या मुंबईत माणसांनाच जागा नाही’ हे वाक्य प्रत्येक दत्तक शिबिरात ऐकू येतं. ते खोटं नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासानंतर तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. वरळीत ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. पण कुत्र्याच्या बाबतीत चौरस फुटांपेक्षा घरात माणूस किती वेळ असतो हे महत्त्वाचं. चाळीत कुणी ना कुणी कायम असतं. निवृत्त आजोबा, दुपारी गॅलरीत गहू निवडणाऱ्या काकू, शाळेतून येणारी पोरं. लघवी काढायला तीन वेळा हात हवे असतील तर दोन नोकरदारांच्या ९०० फुटी फ्लॅटपेक्षा अशी खोली सरस ठरते. उलट पंधरा-वीस किलोचा लुळा कुत्रा तीन लाकडी जिने रोज उचलून न्यायचा असेल तर लिफ्टवाला टॉवर सरस. म्हणून दत्तक देणाऱ्यानं घर मोजू नये, घराचा दिवस मोजावा: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा या वेळी घरात कोण असतं?

आता सेक्रेटरींचा प्रश्न. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राणी ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव करूनही नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. त्याच सूचना मालकालाही जबाबदारी सांगतात. लसीकरण, स्वच्छता आणि शेजाऱ्यांना उपद्रव न होणं हे त्याचं काम. महापालिकेचा वार्षिक परवानाही काढायचा असतो. कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून तो पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नये. कुत्रा आणण्याआधी मजल्यावरच्या चार दारांवर जाऊन ‘काकू, याला मागचे पाय नाहीत, भुंकतो कमी, जिन्यात घाण झाली तर मी पुसणार’ एवढं सांगितलं, तर पुढचे दोन वाद जन्मालाच येत नाहीत. लपवून आणलेल्या कुत्र्याविरुद्ध चाळ एक होते. सांगून आणलेल्याची ती विचारपूस करते.

जाहिरात खरी हवी

बहुतेक आवाहनं दोन प्रकारांनी फसतात. एक रडवतं: अंधारा फोटो, पाणावलेले डोळे, ‘याला कुणीच नाही’. वाचणारा हळहळतो, चार जणांना पाठवतो आणि विसरतो. फार तर भावनेच्या भरात एखादा घेऊन जातो आणि पंधरा दिवसांत परत आणतो. दुसरं लपवतं: ‘थोडासा लंगडतो, बाकी काही नाही.’ घरी गेल्यावर बाकीचं कळतं. दोन्हींचा शेवट सारखाच, आणि परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा घर मिळणं आणखी अवघड होतं.

कामाची जाहिरात अशी असते:

‘मादी, इंडी (देशी), वय अंदाजे तीन वर्षं, वजन १४ किलो. नसबंदी झाली आहे, रेबीज आणि इतर लसी पूर्ण. मागचा डावा पाय नाही. जखम पूर्ण भरलेली. जिना चढते, उतरताना आधार लागतो. अनोळखी माणसाशी पहिले दोन दिवस दबून राहते, मग मांडीत येऊन बसते. मांजर दिसलं की सुटते. लहान मुलांची सवय नाही. एकटी चार तास राहू शकते. तळमजला, पहिला-दुसरा मजला किंवा लिफ्ट असलेलं घर हवं. पहिल्या भेटीनंतर आम्ही घर पाहायला येऊ.’

यात एकही विशेषण दयेचं नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे आपल्याला जमेल की नाही, आणि ज्यांना जमणार नाही ते इथंच थांबतात. सोबत चांगल्या उजेडातला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून न घेता कुत्र्याच्या उंचीवर बसून घेतलेला फोटो असावा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: कुत्रा उठतो कसा, चालतो कसा, जेवतो कसा. व्यंग फोटोबाहेर कापू नये. मुंबईच्या ‘वर्ल्ड फॉर ऑल’ या संस्थेच्या जाहिराती एकेकाळी जगभर गाजल्या. त्यांत घरातल्या माणसांच्या मधल्या रिकाम्या जागेतच प्राण्याचा आकार दिसायचा. घरात जागा असते, ती दाखवून द्यावी लागते, एवढंच ते चित्र सांगत होतं.

त्यानंतरचे टप्पे ठरलेले: अर्ज, प्रत्यक्ष भेट, घरभेट, दत्तकपत्रावर सही आणि नंतरची विचारपूस. अपंग कुत्र्यासाठी यात एक टप्पा वाढवावा: महिनाभर फॉस्टर, म्हणजे दत्तकाआधी तात्पुरता सांभाळ. घरात राहूनच कळतं की पहाटे उठणं कुणाच्या वाट्याला येतं. नव्या घरात कुत्रा पहिले तीन दिवस बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं आणि तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं, असा कार्यकर्त्यांचा ठोकताळा आहे. आंधळ्या आणि लुळ्या कुत्र्यांना थोडा जास्तच वेळ द्यावा. महिन्यानं कुटुंबानं नाही म्हटलं तर त्यांना अपराधी वाटू देऊ नये. त्या महिन्यात कुत्र्याविषयी जी माहिती मिळाली, ती पुढच्या घराच्या उपयोगी पडते.

पैशाचाही हिशेब उघड मांडावा. देणगीदार चाकांच्या गाडीसाठी हौसेनं पैसे देतात, कारण तिचा फोटो निघतो. घराला जड जातात ते दर महिन्याचे डायपर, जखमेची औषधं आणि लघवीच्या तपासण्या. एखाद्या कुटुंबाकडे वेळ आणि माया आहे पण हा खर्च झेपत नाही, आणि दुसऱ्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही, अशी जोडी संस्थेनं जुळवून द्यावी. गिरगावातल्या आजींकडे कुत्रा आणि त्याचा दरमहा खर्च अमेरिकेतला भाचा देतो, यात कमीपणा काहीच नाही.

परदेशाचं दार

एक वाट आता जवळजवळ बंद झाली आहे, म्हणून तिचा उल्लेख हवा. भारतातल्या कित्येक अपंग देशी कुत्र्यांना अमेरिका आणि कॅनडात घरं मिळत होती. लिफ्ट, अंगण आणि विमा असलेल्या त्या घरांना तीन पायांचं वावडं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेनं रेबीजचा धोका जास्त असलेल्या शंभराहून अधिक देशांतून कुत्रे आणणं थांबवलं. त्यात भारत होता. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांत वाट आहे, पण ती मायक्रोचिप, वयाची अट, कागदपत्रं आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रातल्या आरक्षणातून जाते. कॅनडानं सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणायलाच मनाई केली. त्यामुळे परळच्या कुत्र्याचं घर आता परळ, दादर, फार तर डोंबिवली-पुण्यापर्यंतच शोधायचं आहे.

आणि इथल्या निवाऱ्यांवरचा भार वाढण्याचीच चिन्हं आहेत. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली आणि दत्तक गेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, इस्पितळं, बस आगारं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि तिथं परत न सोडण्याचा आदेश दिला. इस्पितळांचं परळ आणि स्थानकांचं दादर, दोन्ही याच्या कक्षेत येतात. पिंजरे भरले की सगळ्यांत आधी गैरसोय होते ती ज्याला हाताने उचलावं लागतं त्या कुत्र्याची.

नाही म्हणण्याची जागा

प्रत्येक अपंग कुत्र्यासाठी घर शोधायचंच, असा हट्टही बरोबर नाही. ज्याची वेदना औषधानं आवरत नाही, जो खात नाही, ज्याच्या जखमा पुन्हा पुन्हा चिघळतात, त्याला पशुवैद्याच्या निर्णयानं शांत मरण देण्याची तरतूद नियमांत आहे, आणि कधी तीच खरी काळजी असते. पण पाय नसणं, डोळे नसणं हे त्याचं कारण होऊ शकत नाही. कुत्र्याला आपला गेलेला पाय आठवून खंत करताना कुणी पाहिलेलं नाही. भूक, ऊब आणि ओळखीचं माणूस मिळालं की त्याचा दिवस भरून जातो.

तसंच, ज्याला जमणार नाही त्यानं घेऊ नये. घेऊन सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये, म्हणजे दोन वडापावांचा. कायद्यानं कुत्र्याला इतकंच संरक्षण दिलेलं असताना निवड करतानाची सावधगिरी हेच त्याचं खरं संरक्षण आहे.

तेव्हा पिल्लू शोधायला निवाऱ्यात जाल तेव्हा एक करा. तिथल्या माणसाला विचारा, ‘सगळ्यांत जास्त दिवस इथं कोण आहे?’ त्याला काय जमतं, काय जमत नाही आणि रोज कोणतं काम करावं लागतं, हे तीन प्रश्न विचारा. ते काम स्वतःच्या हातानं एकदा करून पाहा. घरी येऊन सगळ्यांना सांगा आणि मग महिनाभराच्या फॉस्टरसाठी नाव द्या. जमलं तर एका कुत्र्याला घर मिळेल. नाही जमलं तर एका पिंजऱ्याला महिनाभर सुट्टी मिळेल आणि त्यात दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचेल. दोन्ही बाजूंनी हिशेब फायद्याचाच आहे.